पेनहोल्ड हात, मुक्काम नागपूर

नागपूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंस? किल्ला पाहिलास? अंबाझरी पाहिलीस? संत्र्यांच्या बागा? मी आपली मान हलवतो. खरं सांगायचं तर मी नागपुरात एक मंगल कार्यालय पाहिलं, त्यात मांडलेलं एक हिरवं टेबल पाहिलं आणि स्वतःचा उजवा हात पाहिला. हा हात जन्मापासून माझ्याजवळच होता. पण एवढ्या मोठमोठ्या माणसांना त्याची एवढी काळजी आहे, हे कळायला रत्नागिरी सोडून इतक्या लांब जावं लागलं. ज्यांनी काळजी केली त्या सर्वांचा मी आभारी आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं आहे, तेव्हा लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आधी माझी हकिगत. मी आमच्या खात्याच्या रत्नागिरीच्या गोदामात हंगामी मदतनीस. हंगामी म्हणजे काही महिने कामावर, मग घरी, आणि पुन्हा बोलावणं येईल की नाही ते साहेबांच्या आठवणीवर. टेबल टेनिस बरं खेळतो म्हणून घेतलेला. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, "नागपूरला खात्याच्या राज्य संघाची निवड आहे. निवडला गेलास तर कायम करू. नाही गेलास तर बघू." सरकारी माणसाचं 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'च असतं. आई, दोन बहिणी आणि मी, सगळे त्या 'बघू'वर बसलेले.

आता हाताची हकिगत. टेबल टेनिसची बॅट धरायच्या दोन तऱ्हा आहेत. एक शेकहँड, म्हणजे कुणाशी हात मिळवावा तशी मूठ. दुसरी पेनहोल्ड, म्हणजे टाक धरावा तशी. अंगठा आणि तर्जनी पुढून दांड्याला, बाकीची तीन बोटं पाठीमागे. बॅटच्या एकाच बाजूने खेळायचं, त्यामुळे उजवीकडे आलेला चेंडू कुणाच्या बापाला परतवता येणार नाही असा मारता येतो आणि डावीकडे आलेला आपल्यालाच परतवता येत नाही. मी पेनहोल्डवाला. मला हसनमियांनी शिकवलं. ते आयुष्यभर बोटीवर होते, जपानच्या एका बंदरात ही चौकोनी, बुचाच्या मुठीची बॅट त्यांनी घेतली आणि निवृत्त होऊन आल्यावर ती माझ्या हातात दिली. मी नागपूरला निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "नागपुरात मिळेल ते खा. पण हात कुणाला देऊन येऊ नकोस."

गाडी आणि पोहे

आमच्याकडे अजून रेल्वे आलेली नाही. एस.टी.ने कोल्हापूर आणि तिथून नागपूरची गाडी. गाडीत मी बॅट मांडीवर धरून बसलो होतो. वर्ध्याला चढलेल्या एका म्हाताऱ्याने ती बराच वेळ न्याहाळली.

"हे काय होय जी? पोळपाट म्हणावं तं लहान, पळी म्हणावं तं मोठी."

मी सांगितलं, खेळायची बॅट आहे.

"असं! अन् त्याच्यासाठी येवढ्या दुरून येऊन राहिले? घरी कोणी काही म्हणत नाही?"

मी म्हटलं, घरच्यांनीच पाठवलंय. त्यावर त्याने मोठ्या सहानुभूतीने मला एक संत्रं दिलं. सगळीकडे काळी जमीन, तुरी, कपाशी आणि डोंगराचा पत्ता नाही. आमच्या कोकणात कुठेही नजर टाकली तरी ती चार पावलांवर कशाला तरी अडते. इथे ती जाते ती जातेच. मला तर बुटीबोरी स्टेशन मागे पडेपर्यंत भीतीच वाटत होती.

स्टेशनवर नामदेवभाऊ आले होते. ते खात्याच्या नागपूर कचेरीत ड्रायव्हर. खेळाडूंची सोय लॉजमध्ये होणार होती, पण हिवाळी अधिवेशन चालू असल्यामुळे सगळं सरकार नागपुरात येऊन झोपलेलं.

"नागपुरात सध्या उंदरालेबी खोली भेटत नाही," नामदेवभाऊ म्हणाले. "जिथं पाहा तिथं पीए झोपून राहिला. चला, आमच्या घरी. सक्करदऱ्याले. तळं बी हाय, तुमाले समुद्राची याद येणार नाही."

सायकलरिक्षात बसण्याआधी त्यांनी मला पोहे खायला नेलं. पोह्यांवर त्यांनी लाल रस्सा ओतायला सांगितला, त्याला तर्री म्हणतात. आमच्याकडे पोहे म्हणजे वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, आजारी माणसालाही चालतात. हे पोहे खाऊन आजारी पडायला होतं. मला उचकी लागली ती रिक्षा महाल ओलांडेपर्यंत थांबली नाही.

"काहून जी? तिखट लागलं का?"

"नाही, नाही. छान आहेत."

"मंग उद्या सावजीचं मटण खाऊ. हे तं लेकरायसाठी असते."

घरी कमलवहिनींनी चहा पुढे केला. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात, पाहुणा 'नको नको, आत्ताच झाला' म्हणतो आणि दोघांच्याही मनावरचं ओझं उतरतं. इथे विचारतच नाहीत. समोर आणून ठेवतात आणि पिऊन होईपर्यंत आपल्याकडे बघत बसतात. मी जितका काळ त्या घरात होतो तितका काळ माझ्या हातात काही ना काही खायचं-प्यायचं होतं. हे उपकार मी विसरणार नाही.

मंगल कार्यालय

निवडीची स्पर्धा महालातल्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच तिथे लग्न झालेलं. झेंडूची तोरणं तशीच होती, भिंतीवर वधूवरांची थर्मोकोलची नावं तशीच होती आणि व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या. त्यातल्या नवऱ्याच्या खुर्चीवर बारापात्रे साहेब बसले होते. ते खात्याच्या क्रीडा मंडळाचे चिटणीस. नवरीच्या खुर्चीवर घाटे सर.

घाटे सर आमचे प्रशिक्षक, पुण्याचे. शासनाने त्यांना अभ्यासासाठी हंगेरीला पाठवलं होतं. तिथून ते परत आले होते, पण पूर्णपणे आले नव्हते. कुणी नागपूरच्या थंडीबद्दल बोललं की ते हंगेरीची थंडी काढत. चहा आला की हंगेरीत चहा कसा देत नाहीत ते सांगत. स्पर्धेआधी त्यांचं व्याख्यान होतं. विषय, 'पेनहोल्ड पकडीचे भवितव्य'. मला वाटलं, आपल्याच विषयावर आहे, पुढे बसावं. पुढे बसलो.

"कोण तो रत्नागिरीचा पेनहोल्डवाला? वर या. हात दाखवा."

मी वर गेलो. सरांनी माझं मनगट धरून हात सगळ्यांना दिसेल असा उंच केला.

"बघा. अंगठा इथे. तर्जनी इथे. आणि ही मागची तीन बोटं? काय करतायत? काही नाही! तीन बोटं बेकार! हंगेरीत मी एकही बोट बेकार पाहिलं नाही."

सगळे माझ्या तीन बोटांकडे बघू लागले. मला त्यांची फार लाज वाटली.

"जगात ही पकड आता मेली आहे," सर म्हणाले. "तिला अजून कुणी कळवलेलं नाही, एवढंच."

अमरावतीचे वानखडे म्हणून एक खेळाडू होते. हिशेब विभागातले, खेळतानाही मफलर न काढणारे. त्यांनी हात वर केला.

"पण सर, ते चिनी लोकं तं असंच धरून सगळ्या जगाले ठोकून राहिले नं?"

"ते चिनी आहेत," सर म्हणाले.

या उत्तराने सर्वांचं समाधान झालं. वानखडे खाली बसले. मग बारापात्रे साहेबांनी उभं राहून ठराव वाचला. नागपुरात अधिवेशन असलं की शहराला ठरावाची सवय लागते, असं नामदेवभाऊंनी मला नंतर सांगितलं. ठराव असा की, 'पेनहोल्ड या पद्धतीस भवितव्य नसल्यामुळे सदर पद्धतीने खेळणाऱ्या खेळाडूंचा संघनिवडीसाठी विचार करण्यात येऊ नये.' सदर पद्धतीने खेळणारा सगळ्या हॉलमध्ये मी एकटा. एका माणसासाठी एवढं कार्यालय भरवून ठराव करतात, हा केवढा मान. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत असताना आपणच न वाजवणं बरं दिसलं नसतं.

सर मनाने वाईट नव्हते. खाली उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निवड शनिवारी आहे. तोवर हात बदल."

मी म्हटलं, "बदलतो सर. थँक्यू सर."

सक्करदरा

घरी मला जेवण जाईना. वडाभात होता. भातावर वडे कुस्करून वरून फोडणीचं गरम तेल. एरवी मी दोनदा घेतला असता.

"काय झालं वं यायले?" शेजारच्या बाईंनी दारातून विचारलं.

"त्यायचा हात मेला म्हणते," कमलवहिनी म्हणाल्या.

"कोणता? चांगला तं जेवून राहिला!"

नामदेवभाऊंना मी सगळं समजावून सांगितलं. शेकहँड यायला हवा, शनिवारच्या आत, नाहीतर गोदाम गेलं. त्यांनी ते मनावर घेतलं. नागपूरच्या माणसाला अडचण सांगू नये, तो ती लगेच स्वतःची करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन बाहेर आलो तर अंगणात आळीतले सात-आठजण उभे.

"मिळवा गा हात यायच्याशी," नामदेवभाऊ म्हणाले. "यायले शेकहँडची प्रॅक्टिस पाहिजे. नोकरीचा सवाल हाय."

एकेकाने माझा हात धरून चांगला गदागदा हलवला. सायकल दुरुस्तीवाल्याने तर दोनदा मिळवला. मी सगळ्यांचे आभार मानले. काय सांगणार?

वहिनींचा उपाय जास्त कामाचा होता. त्यांनी तळणाचा झारा माझ्या हातात दिला. "हे धरा. मूठ करून. आता दिवसभर सोडू नोका." मी झारा घेऊन तळ्याच्या काठी फिरलो, झारा घेऊन पेपर वाचला. वडे तळायलाही त्यांनी मलाच बसवलं. सुरुवात बरी झाली, पण एक वडा कढईच्या उजव्या काठाला आला, माझी बोटं आपोआप जुन्या जागी गेली आणि हात फिरला. वडा कढईतून निघाला तो दारात बसलेल्या नामदेवभाऊंच्या टोपीवर.

"बाप्पा!" भाऊ टोपी झटकत ओरडले. "अन् हे मेलं म्हणते?"

पण मला चैन नव्हती. मी मागच्या तीन बोटांना सुतळी बांधून मुठीत बसवलं. झोपतानाही सोडली नाही. हळूहळू हात ऐकू लागला. महालात सरावाचे सामने चालू होते, तिथे मी शेकहँडने उतरलो आणि सगळ्यांकडून हरलो. वानखडे मला हरवताना मफलर सारखा करत होते. घाटे सर मात्र खूश.

"शाब्बास! आधी तू अडाण्यासारखा जिंकायचास. आता शास्त्रशुद्ध हरतोयस."

मी विचारलं, "पण सर, निवडीचं?"

"निवडीचं बघू," सर म्हणाले.

त्या दिवशी सावजीचं मटण होतं. डोळ्यांतून पाणी आलं, त्याला मटणाचं कारण सांगता आलं, हे त्या मटणाचे माझ्यावर उपकार.

शनिवार

शनिवारी दुपारी सभागृह तहकूब झालं आणि खात्याचे मोठे साहेब मुंबईहून अधिवेशनाला आलेले ते तसेच आमच्याकडे आले. हार झाला, नारळ झाला. बारापात्रे साहेबांनी विनंती केली की मोठ्या साहेबांनी पहिला चेंडू मारून आशीर्वाद द्यावा. मोठे साहेब उठले. कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, टेबलावरची एक बॅट उचलली आणि धरली. अंगठा पुढे, तर्जनी पुढे, तीन बोटं मागे.

बारापात्रे साहेबांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

"माझ्याबरोबर कॉलेजात रंगूनचा एक मुलगा होता. त्याने शिकवलं," साहेब म्हणाले. "हल्ली असं खेळणारं कुणी भेटतच नाही. काय घाटे, तुम्ही बाहेर जाऊन आलात. आहे का हिला भवितव्य?"

घाटे सरांनी घसा साफ केला. "हंगेरीतसुद्धा अलीकडे फेरविचार चालू आहे, सर."

बारापात्रे साहेब तोवर नवऱ्याच्या खुर्चीतून उठले होते. "आपल्या मंडळानं तं ही पद्धत मुद्दाम जपून ठेवली हाय, सर. एक खेळाडू खास रत्नागिरीहून मागवला. कुठं गेला तो रत्नागिरी? बोलवा त्याले!"

मी खांबामागे उभा होतो. तीन-चार हातांनी मला पुढे ढकललं. बारापात्रे साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "हे पाह्य. हारजो. पण असा हारजो का त्यायले समजलं नाही पाहिजे. तुह्या नोकरीचं मंग मी पाहतो."

नामदेवभाऊ गाडी लावून आत आले होते. त्यांनी ते ऐकलं असावं. ते म्हणाले, "कायले हारता जी? खेळा नं."

मी टेबलाशी गेलो. समोर साहेबांचा हात. लोकांना तो मोठ्या साहेबांचा दिसत होता. मला तो हसनमियांच्या नंतर पाहिलेला पहिला हात दिसत होता. आयुष्यात पुन्हा कधी असा हात समोर येणार? मला आई आठवली, बहिणी आठवल्या, पण खोटं कशाला लिहू, त्या क्षणी गोदाम आठवलं नाही. मी ठरवलं, हरायचं नाही. मी हसनमियांची बॅट काढली, धरली आणि सर्व्हिस केली.

चेंडू टेबलावर पडलाच नाही.

पुन्हा केली. जाळीत. अंगठा जागेवर नव्हता. तर्जनी कुठे ठेवायची ते तर्जनीला आठवत नव्हतं. मागची तीन बोटं सुतळीची सवय लागून मुठीत शिरायला बघत होती. साहेबांच्या डावीकडचा कोपरा मला दिसत होता, तिथे त्यांना काही येत नाही हे मला माहीत होतं, कारण तिथे मलाही काही येत नाही. मी नेम धरून तिथेच मारत होतो आणि चेंडू झेंडूच्या तोरणाला जाऊन लागत होता. एकदा तर तो नवरीच्या थर्मोकोलच्या नावावर आपटला आणि एक अक्षर खाली पडलं. मला घाम फुटला. मी दात खाऊन धावत होतो, टेबलाच्या कडेवर मांडी आपटून घेत होतो. साहेब उजवीकडून फटके मारत होते आणि एकवीस होईपर्यंत थांबले नाहीत.

खेळ संपल्यावर साहेब टेबलाला वळसा घालून आले.

"तू जिंकायला बघत होतास."

मी मान खाली घातली. "हो साहेब."

"दिसत होतं. बाकीचे माझ्याशी हरायला बघतात. तेही दिसतं." मग हळूच, "बॅकहँड?"

"नाही साहेब."

"मलाही नाही," साहेब म्हणाले आणि हसले. मग बारापात्रे साहेबांकडे वळून, "याला संघात घ्या. हा अजून कायम का नाही?"

"तेच म्हणून राहिलो होतो, सर."

साहेबांची गाडी निघायच्या आत ठराव दुरुस्त झाला. 'नसल्यामुळे'च्या जागी 'असल्यामुळे' आणि 'येऊ नये'च्या जागी 'यावा'. बाकी मजकूर उत्तम होता, त्याला हात लावावा लागला नाही. टाळ्या झाल्या. घाटे सरांनी माझी पाठ थोपटली. "म्हटलं होतं ना, ही पकड सोडू नकोस?" मी म्हटलं, "थँक्यू सर."

बारापात्रे साहेब तर माझ्याकडे बघतच राहिले. "काय हारला बे तू! म्या जिंदगीत असं हारणं पाह्यलं नाही. तो घाम, ते धावणं. येवढीशी शंका येऊ देली नाही!"

"साहेब, मी खरंच हरलो."

"हाव, हाव," त्यांनी डोळा मारला. "कोणी पुसलं तं असंच सांगत जाजो."

परत

निघताना कमलवहिनींनी संत्रा बर्फी बांधून दिली आणि तो झाराही दिला. "सवय मोडू नोका," म्हणाल्या. गाडीत मी तो बर्फीच्या पुड्याखाली लपवला, न जाणो पुन्हा कुणी संत्रं द्यायचा.

आईला कायम झाल्याचं सांगितलं तेव्हा ती देवापुढे साखर ठेवून आली. मग मी बर्फी घेऊन हसनमियांकडे गेलो. त्यांनी बर्फी बाजूला ठेवली आणि मला गोदामामागे सरावासाठी मांडलेल्या टेबलाशी नेलं. तीन-चार चेंडू झाले असतील. त्यांनी आपली बॅट खाली ठेवली.

"हात कुणाला देऊन आलास?"

मी सगळं सांगितलं. हंगेरी, सुतळी, झारा, साहेब. त्यांनी ऐकून घेतलं. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. बर्फीचा एक तुकडा तोंडात टाकला.

"कायम झालास ना पण?"

"झालो."

"मग आता घाई नाही," ते म्हणाले. ती चौकोनी बॅट पुन्हा माझ्या हातात दिली, माझा अंगठा उचलून दांड्याच्या पुढे ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच. मग तर्जनी. मग माझा हात उलटा करून मागची तीन बोटं एकेक सोडवू लागले.